जुन्या गाडीचा मूळ रेडिओ आणि खिशातला फोन: दोघांची गाठ कशी घालायची

जुनी गाडी दुरुस्तीला काढली की पहिली गदा बहुधा रेडिओवर येते. 'मीडियम वेव्हवर आता लागतंय काय?' असं म्हणत मूळ रेडिओ उपटला जातो, नवा प्लेअर मावावा म्हणून डॅशबोर्डचा पत्रा कापला जातो आणि काढलेला रेडिओ भंगारात जातो. कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्या गाडीसाठीच घडवलेला, तिच्या डॅशबोर्डच्या वळणाशी जुळणारा रेडिओ परत मिळवणं तर महाकठीण. आणि यातलं काहीच करायची गरज नसते. फोनवरचं गाणं त्याच जुन्या रेडिओतून, त्याच्याच बटणावर आवाज कमी-जास्त करत, त्याच्याच स्पीकरवर वाजवता येतं.

त्यासाठी चार-पाच वाटा आहेत आणि प्रत्येक रेडिओला सगळ्या चालत नाहीत. निवड कशी करायची, जोडणी कशी करायची आणि कुठे हात भाजू शकतो, ते सगळं इथे देतो. एक अट मात्र मी सुरुवातीलाच घालतो: जे कराल ते उद्या काढून टाकता आलं पाहिजे. मूळ रेडिओच्या पत्र्याला नवं भोक नाही, मूळ भाग फेकायचा नाही, कापलेली प्रत्येक वायर परत जोडता येईल अशीच कापायची.

आधी रेडिओ ओळखा

'मोटोरोला' हा गाडीच्या सुरुवातीच्या यशस्वी रेडिओंपैकी एक १९३० साली आला आणि तेव्हापासून या यंत्राने बरीच रूपं बदलली. आपल्या कामापुरते चार गट पुरतात.

पहिला गट व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापल्यावरच काम करणाऱ्या नळ्यांच्या रेडिओंचा. साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत हेच असत. बटण फिरवलं की आधी एक बारीक घुंईऽऽ असा आवाज येतो आणि गाणं वीस-तीस सेकंदांनी उमटतं. तो आवाज व्हायब्रेटरचा. बॅटरीचा ६ किंवा १२ व्होल्टचा सरळ प्रवाह ट्रान्सफॉर्मरला चालत नाही, म्हणून हा डबीतला छोटा भाग आपली पत्ती सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरवून प्रवाह तोडतो-जोडतो, आणि ट्रान्सफॉर्मर त्यातून दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट तयार करतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरा गट मिश्र रेडिओंचा, १९५० च्या दशकाची अखेर ते १९६० च्या दशकाची सुरुवात. यात व्हॉल्व्ह थेट १२ व्होल्टवर चालतात आणि स्पीकर हलवायला एक जर्मेनियम पॉवर ट्रान्झिस्टर असतो. व्हायब्रेटर नसतो, त्यामुळे घूं नाही. पण गरम व्हायला वेळ लागतोच.

तिसरा गट पूर्ण ट्रान्झिस्टरचा. क्रायस्लर आणि फिलको यांनी असा रेडिओ १९५५ मध्ये जाहीर केला; पुढच्या दशकात तो सर्रास झाला. बटण फिरवताच आवाज आला तर तुमचा रेडिओ याच गटातला.

चौथा गट एफएम असलेले आणि कॅसेट वाजवणारे रेडिओ. एफएम काही युरोपीय गाड्यांत १९५० च्या दशकातच आलं होतं, पण मुख्यतः हा १९७० नंतरचा माल.

रेडिओ बाहेर काढता येत असेल तर पाठीमागची चिठ्ठी वाचा. मॉडेल क्रमांक, व्होल्टेज आणि कोणतं टोक बॉडीला आहे हे तिथे बहुधा लिहिलेलं असतं. मॉडेल क्रमांकावरून सर्किटची आकृती शोधा. आकृती हाती असली की निम्मं काम झालं.

बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे?

हा भाग घाईत वाचू नका. आजच्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला असतं. जुन्या गाड्यांत असं असेलच असं नाही. ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकात बराच काळ पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे आणि जुन्या अमेरिकी ६ व्होल्टच्या गाड्यांपैकीही अनेक तशाच होत्या. बॅटरीवरून जाडजूड वायर किंवा पट्टी बॉडीला कुठून गेली आहे ते डोळ्यांनी पाहा आणि मल्टिमीटरने खात्री करा. व्होल्टेजही मोजा, कारण काही गाड्या मधल्या काळात कोणीतरी ६ वरून १२ व्होल्टवर किंवा पॉझिटिव्ह अर्थवरून निगेटिव्ह अर्थवर (अर्थ म्हणजे बॉडीला जोडलेलं टोक) नेलेल्या असतात आणि चिठ्ठी मात्र जुनंच सांगत असते.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत काय होऊ शकतं ते समजून घ्या. फोन गाडीतल्या चार्जरला लावला आहे, म्हणजे फोनची निगेटिव्ह बाजू बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली गेली. त्याच फोनमधून ऑडिओ केबल रेडिओला गेली. केबलची जाळी फोनच्या निगेटिव्हला आहे आणि दुसऱ्या टोकाला ती रेडिओच्या पत्र्याला, म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागली. अख्खी बॅटरी त्या केसासारख्या वायरीतून शॉर्ट झाली. फोन तर जाईलच, केबल पेटूही शकते. म्हणून अशा गाडीत फोन आणि रेडिओ यांच्यात तांब्याची थेट जोडणी कधीच ठेवायची नाही. स्वतःच्या बॅटरीवर चालणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर हा यावरचा सर्वांत साधा उपाय. तो गाडीच्या विजेशी जोडलेलाच नसतो, त्यामुळे बॉडीला कुठलं टोक आहे याने त्याला फरक पडत नाही. फक्त गाडीत त्याला चार्जिंगला लावून वाजवायचं नाही.

रेडिओ आधी रेडिओ म्हणून वाजू द्या

आजारी रेडिओला ब्लूटूथ जोडून काही साधत नाही. आत कागदी कंडेन्सर गळके झालेले असतील तर फोनचं गाणंही फाटकंच ऐकू येईल, आणि तुम्ही नव्या जोडणीतला दोष शोधत बसाल.

व्हॉल्व्हच्या रेडिओत सगळे कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलायचेच, चालू असले तरीही. त्यातला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या हाय-व्होल्टेज बाजूला असलेला बफर कंडेन्सर. किंमत मूळ आकृतीत असेल तीच ठेवा आणि व्होल्टेज १६०० किंवा २००० चं घ्या. हा बिघडला की व्हायब्रेटरचे काँटॅक्ट जळतात आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जातो. व्हायब्रेटरच मेला असेल तर ट्रान्झिस्टरवर चालणारा, त्याच पिनांचा पर्यायी व्हायब्रेटर मिळतो. मात्र तो घेताना गाडीचं अर्थ कोणतं ते सांगून घ्या, कारण पत्तीच्या साध्या व्हायब्रेटरपैकी बऱ्याच प्रकारांना पोलॅरिटीचं वावडं नसतं, या नव्यांना असतं.

आता ते दोनशे व्होल्ट. व्हॉल्व्हचा रेडिओ टेबलावर उघडा चालवत असाल तर एक हात खिशात ठेवायची सवय लावा. बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये भार राहतो. १० किलोओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी त्याच्या दोन टोकांना काही सेकंद लावा, मग मल्टिमीटरने शून्य आलंय का ते पाहा, आणि मगच आत बोट घाला. याची भीती वाटत असेल तर हे काम जाणकार दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

स्पीकर न जोडता रेडिओ कधीही चालू करू नका. व्हॉल्व्हच्या रेडिओत आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडून तो कायमचा जाऊ शकतो, आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या रेडिओत तो ट्रान्झिस्टर. टेबलावर तपासतानासुद्धा योग्य ओहमचा स्पीकर लावलेलाच हवा.

एफएम किंवा कॅसेट असेल तर

हे सोपं आहे, पटकन सांगतो. एफएम असेल तर सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा ब्लूटूथ एफएम ट्रान्समीटर पुरतो, अर्थात गाडी १२ व्होल्टची आणि निगेटिव्ह अर्थची असेल तरच. रिकामी जागा शोधून दोन्हीकडे तोच आकडा लावायचा. जुन्या रेडिओंचा एफएम पट्टा आजच्याइतका लांब नसतो हे विसरू नका. काही जुन्या युरोपीय रेडिओंचा काटा १०० किंवा १०४ मेगाहर्ट्झलाच संपतो. जपानमधल्या बाजारासाठी बनवलेल्या जुन्या गाड्यांचा पट्टा ७६ ते ९० आहे, आणि ट्रान्समीटर ८७.५ पासून सुरू होतात. म्हणजे तुमच्या हाती फक्त ८७.५ ते ९० एवढीच जागा.

हवेतून खरखर येत असेल तर वायरचा एफएम मॉड्युलेटर घ्या. तो अँटेना आणि रेडिओ यांच्या मध्ये बसतो, आणि चालू केल्यावर अँटेना तोडून स्वतःचाच सिग्नल केबलमधून रेडिओला देतो. शहरातल्या गर्दीच्या पट्ट्यातही तो स्वच्छ वाजतो. माझ्या मते एफएम असलेल्या रेडिओला यापुढे जायची गरजच नाही.

कॅसेटच्या रेडिओला कॅसेट अडॅप्टर. तो बसवायच्या आधी प्लेअरचा हेड स्पिरिटने पुसा आणि रबरी पट्टे बदलून घ्या. अडॅप्टरमध्ये टेप नसली तरी प्लेअरची चाकं फिरावीच लागतात; ती अडखळली की बरेच प्लेअर कॅसेट बाहेर तरी फेकतात नाहीतर सारखी बाजू बदलत राहतात.

फक्त मीडियम वेव्ह असेल आणि रेडिओ उघडायचा नसेल तर

रेडिओ अजून कारखान्यातून आला तसा सीलबंद आणि चालू असेल, तर तो उघडायला मन धजत नाही, आणि धजूही नये. अशा वेळी छोटा एएम ट्रान्समीटर वापरायचा. तो ऑडिओ सिग्नल घेऊन मीडियम वेव्हवरच्या एका ठरावीक जागी 'स्टेशन' तयार करतो. हवेतून प्रक्षेपण करायच्या भानगडीत पडू नका. त्याला देशोदेशी परवान्याचे नियम आहेत आणि आवाजही खराब येतो. सिग्नल केबलनेच रेडिओच्या अँटेना सॉकेटमध्ये द्या.

ट्रान्समीटर पूर्ण बंद पत्र्याच्या डबीत बसवा. डबीला दोन सॉकेट: एकात गाडीची अँटेना येईल, दुसऱ्यातून शिल्डेड केबल रेडिओला जाईल, आणि मधला स्विच या दोघांपैकी एकालाच रेडिओशी जोडेल. ट्रान्समीटरचा सिग्नल रेडिओला १० ते २० पिकोफॅरडच्या छोट्या कंडेन्सरमधून द्या. थेट जोडला तर तो इतका जोरदार होतो की रेडिओचा पुढचा टप्पा भरून वाहतो आणि गाणं चिरकतं. उलट, फारच क्षीण झाला तर मागे फसफस राहते. कंडेन्सरची किंमत थोडी बदलत, फसफस नुकती नाहीशी होईल तिथे थांबायचं.

जागा निवडताना रात्रीही ऐकून पाहा. मीडियम वेव्हवर अंधार पडल्यावर दूरदूरची स्टेशनं यायला लागतात आणि दुपारी रिकामी वाटलेली जागा रात्री गजबजते. प्रक्षेपण केंद्रं जगाच्या बहुतेक भागांत ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, अमेरिका खंडांत १० च्या. ट्रान्समीटर त्या आकड्यांवरच ठेवा, म्हणजे शेजारच्या स्टेशनाशी शिट्टी वाजणार नाही. मिळालेली जागा रेडिओच्या पाच बटणांपैकी एकावर पक्की करा. मग बटण दाबलं की काटा सरकून थेट तुमच्या गाण्यांवर येतो, आणि हे फार सुंदर दिसतं.

या वाटेची मर्यादाही सांगायला हवी. जुना एएम रेडिओ साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर पुढे जाऊच देत नाही. झांजा, सतारीची झणक, 'स' चा सुस्कारा बोथट होतो. जुन्या ध्वनिमुद्रणांना हा आवाज शोभतो. आजच्या गाण्यांना कमी पडतो.

सर्वांत उत्तम वाट: व्हॉल्यूम कंट्रोलवर ऑक्स (बाहेरचा आवाज आत देण्याची जोडणी)

रेडिओ उघडायला हरकत नसेल तर मी डोळे झाकून हीच वाट सुचवेन. रेडिओचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे स्टेशन पकडणारा, बाजूला राहतो, आणि फोनचा सिग्नल थेट ऑडिओच्या भागात शिरतो. सुरांना कात्री लागते ती पुढच्या भागात, म्हणून इथे आवाज एकदम मोकळा होतो. मूळ व्हॉल्यूमचं बटण आणि मूळ टोनचं बटण दोन्ही कामाला येतात.

गाडीतला रेडिओ काढण्याआधी बॅटरीची वायर सोडा. रेडिओ टेबलावर उघडा आणि व्हॉल्यूम कंट्रोल शोधा. पुढच्या बटणाच्या दांड्यामागे ती गोल चपटी डबी असते, बहुतेक वेळा तिच्याच पाठीवर चालू-बंदचा स्विच. डबीच्या कडेला तीन कान असतात. मधला कान फिरत्या हाताचा. त्यावरून वायर किंवा कंडेन्सर पहिल्या ऑडिओ टप्प्याकडे जातो. एका टोकाचा कान पत्र्याला किंवा एखाद्या लहान रेझिस्टरमधून पत्र्याला जातो. उरलेल्या टोकाला डिटेक्टरकडून, म्हणजे स्टेशनच्या लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाकडून, सिग्नल येतो. आपल्याला हवा तो हा तिसरा, 'वरचा' कान. काही रेडिओंत चौथाही कान दिसेल. तो कमी आवाजात खर्ज भरून देण्यासाठी टोनच्या भागांना जोडलेला असतो, त्याला हात लावू नका. रेडिओ बंद असताना मल्टिमीटरने मोजा: व्हॉल्व्हच्या रेडिओत दोन टोकांमध्ये काही लाख ओहम दिसतील, ट्रान्झिस्टरच्या रेडिओत काही हजार. हा फरक पुढच्या प्रत्येक भागाची किंमत ठरवतो.

१. वरच्या कानाकडे येणारी वायर सोडवा. कापू नका, डाख वितळवून सोडवा. तत्पूर्वी फोटो काढून ठेवा.

२. दोन खांबांचा, दोन बाजूंचा छोटा टॉगल स्विच घ्या. पहिल्या खांबाचा मधला पाय व्हॉल्यूमच्या वरच्या कानाला जोडा, एक बाजू डिटेक्टरच्या सोडवलेल्या वायरला आणि दुसरी बाजू ऑक्सच्या सिग्नलला. आता स्विच एका बाजूला असला की रेडिओ, दुसरीकडे असला की फोन.

३. दुसरा खांब कशाला? बऱ्याच व्हॉल्व्ह रेडिओंत व्हॉल्यूम कंट्रोल हाच डिटेक्टरचा लोडही, म्हणजे त्याचा सिग्नल ज्यावर उमटतो तो रेझिस्टरही, असतो. तो काढून घेतला की डिटेक्टर अधांतरी लोंबकळतो. म्हणून दुसऱ्या खांबातून, फोनच्या बाजूला स्विच असताना, डिटेक्टरच्या वायरला व्हॉल्यूम कंट्रोलइतक्याच किमतीचा रेझिस्टर अर्थला जोडून द्या. तुमच्या आकृतीत डिटेक्टरला वेगळा लोड दिसत असेल तर हा खांब मोकळा ठेवा.

४. फोनचे डावा आणि उजवा असे दोन सिग्नल थेट एकमेकांना चिकटवायचे नाहीत. दोन्ही आउटपुट एकमेकांशी भांडतात. प्रत्येकाच्या वाटेत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि रेझिस्टरची दुसरी टोकं एकत्र जोडा. मिळाला मोनो सिग्नल.

५. त्या सिग्नलपुढे कंडेन्सर घाला, म्हणजे रेडिओतला डीसी (सरळ प्रवाह) फोनकडे येणार नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट किंवा अधिक. ट्रान्झिस्टरच्या रेडिओत व्हॉल्यूम कंट्रोलचा ओहम कमी असल्याने एवढ्यात खर्ज अडकेल, तिथे ४.७ ते १० मायक्रोफॅरडचा, पोलॅरिटी नसलेला घ्या.

६. ट्रान्झिस्टरच्या रेडिओला फोनचा सिग्नल बहुधा जास्त होतो. डिटेक्टरकडून येणारा मूळ सिग्नल त्यामानाने बराच लहान असतो. १० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूने कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) लावून सिग्नल कमी करा, आणि तो असा ठेवा की स्विच रेडिओवरून फोनवर टाकला तर आवाजात मोठी उडी पडणार नाही.

७. स्विचपासून व्हॉल्यूम कंट्रोलपर्यंत आणि सॉकेटपर्यंत शिल्डेड केबलच वापरा, विशेषतः व्हॉल्व्हच्या रेडिओत. जाळी जॅकच्या अर्थलाही लागते, पण रेडिओच्या अर्थला ती फक्त एकाच जागी, व्हॉल्यूम कंट्रोलच्या अर्थ कानापाशी जोडा. ती आणखी कुठे पत्र्याला टेकली तर हम, म्हणजे सततची घूं, येईल.

ट्रान्झिस्टरच्या काही रेडिओंत व्हॉल्यूमचा 'खालचा' कान पत्र्याला नसतोच. रेडिओ चालू करून त्या कानावर आणि पत्र्यावर डीसी मोजा. शून्य नसेल तर, आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर नक्कीच, ऑक्सच्या वाटेत १:१ चा, ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. त्याच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा संबंध नसतो. फक्त ऑडिओ पलीकडे जातो.

स्विच आणि ३.५ मिलिमीटरचा जॅक बाहेर कुठे काढायचा? रेडिओच्या पत्र्यात आधीच असलेल्या एखाद्या भोकातून केबल बाहेर घ्या आणि स्विच-जॅकची छोटी डबी डॅशबोर्डखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये चिकटवा. गाडीच्या पत्र्याला स्क्रू मारायची गरज नाही. मला स्वतःला जॅकपेक्षा ब्लूटूथ रिसीव्हर ग्लोव्ह बॉक्समध्ये कायमचा ठेवलेला आवडतो. लोंबती केबल त्या डॅशबोर्डसमोर विजोड दिसते.

ब्लूटूथ रिसीव्हरला वीज

बॅटरीवरचा रिसीव्हर पुरत असेल तर हा भाग सोडून द्या. कायमची वीज हवी असेल तर ती रेडिओच्या स्विचनंतरच्या वायरवरून घ्या, म्हणजे रेडिओबरोबरच रिसीव्हर बंद होईल आणि गाडी उभी असताना बॅटरी उतरणार नाही. सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज लावा. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारे स्वस्त कन्व्हर्टर पुष्कळ मिळतात, पण त्यांची स्विचिंगची भुणभुण नेमकी मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडते, आणि मग फोन छान वाजतो पण रेडिओ ऐकवत नाही. असा कन्व्हर्टर पत्र्याच्या डबीत घाला, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरीवर फेराइटचे मणी चढवा, आणि अँटेनाच्या केबलपासून तो जितका दूर जाईल तितका न्या.

६ व्होल्टच्या गाडीत साधा कन्व्हर्टर चालत नाही. स्टार्टर मारताना, किंवा इंजिन मंद चालत असताना व्होल्टेज ५ च्या जवळ किंवा खाली जातं. त्याला व्होल्टेज वाढवता आणि कमी करता येणारा, दोन्ही कामं करणारा प्रकार हवा. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर तो 'आयसोलेटेड' असलाच पाहिजे, म्हणजे त्याच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या बाजूंचा एकमेकांशी तांब्याचा संबंध नको. विकत घेतल्यावर मल्टिमीटरने तपासा: आतल्या निगेटिव्हपासून बाहेरच्या निगेटिव्हपर्यंत ओहम दाखवत असेल तर तो आयसोलेटेड नाही, वेष्टनावर काहीही छापलेलं असो.

इंजिन चालू केल्यावर येणारी कटकट

टेबलावर स्वच्छ वाजणारा रेडिओ गाडीत बसवला, इंजिन सुरू केलं, की टकटकाट किंवा चढत्या आवाजाची शीळ ऐकू येते. आधी ती कुठून येते ते ठरवा. फोनवर गाणं न लावता ऑक्सवर स्विच ठेवा. कटकट फक्त रेडिओवर येत असेल तर ती अँटेनातून येते आहे. ऑक्सवरही येत असेल तर विजेच्या वायरीतून किंवा अर्थच्या फेऱ्यातून (अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याने बनणारं वेटोळं).

इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारा टकटकाट इग्निशनचा असतो. स्पार्क प्लगच्या वायरी रेझिस्टन्सच्या लावा. इग्निशन कॉइलच्या ज्या टोकाला स्विचकडून वीज येते, तिथून अर्थला सप्रेसर कंडेन्सर लावा. काँटॅक्ट पॉइंटकडच्या टोकाला तो लावू नका, इंजिनच नीट चालणार नाही. शीळ असेल तर ती डायनॅमो किंवा अल्टरनेटरची. डायनॅमोला कंडेन्सर लावायचा तो मुख्य आउटपुटच्या टोकाला, फील्डच्या टोकाला कधीच नाही. अँटेनाचा पाया जिथे बॉडीला टेकतो तिथला गंज घासून काढा. निम्म्या गाड्यांची खरखर तिथेच संपते. आणि शीळ फक्त फोन चार्जिंगला असतानाच येत असेल तर तो अर्थचा फेरा आहे: वर सांगितलेला १:१ चा ट्रान्सफॉर्मर घाला.

स्पीकर

मूळ कागदी शंकू फाटला नसेल तर तोच ठेवा. तो बदलायची वेळ आली तर ओहम जुळवा. हाताशी ४ ओहमचा आहे म्हणून तोच लावला असं करू नका. उदाहरणार्थ, जनरल मोटर्सच्या डेल्को या नावाच्या अनेक ट्रान्झिस्टर रेडिओंना १० ओहमचा स्पीकर होता, तिथे ४ ओहम लावला तर आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जाईल. ८ ओहमचा चालेल. फार जुन्या रेडिओत स्पीकरला कायम चुंबक नसतं, बॅटरीवर चालणारी फील्ड कॉइल असते. तो स्पीकर फेकू नका. शंकू नवा बसवून घेता येतो.

रेडिओ अगदीच संपला असेल तर

ट्रान्सफॉर्मर जळलेला, काही भाग आधीच कोणी काढून नेलेले, अशा रेडिओत नवा अँप्लिफायर आणि ब्लूटूथचा बोर्ड बसवून मूळ बटणांनी तो चालवता येतो. तयार करून देणारेही आहेत. मूळ चॅसी सुट्टी काढून, काढलेले सगळे भाग एका डब्यात चिठ्ठीसह ठेवायचे, आणि नवा बोर्ड मूळच्याच स्क्रूंवर धरायचा. चालू रेडिओचं असं करणं मला अजिबात मान्य नाही. मोठा आवाज आणि स्टिरिओच हवा असेल तर मूळ रेडिओ जसाच्या तसा राहू द्या आणि सीटखाली वेगळा छोटा अँप्लिफायर, मागे वेगळे स्पीकर बसवा.

फोनमधल्या सेटिंग

जुना रेडिओ एकाच स्पीकरवर वाजतो. फोनच्या अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा. यामुळे डाव्या-उजव्याची बेरीज फोनच व्यवस्थित करतो. रेझिस्टर मात्र काढायचे नाहीत. दुसरा कोणी आपला फोन जोडेल तेव्हा तेच रक्षण करतील. फोनचा आवाज तीन-चतुर्थांशाच्या आसपास ठेवून कमी-जास्त गाडीच्या बटणावर करा. फोन अगदी कमी ठेवून रेडिओ पूर्ण वाढवला तर रेडिओची स्वतःची फसफसही वाढते.

इक्वलायझरमध्ये खर्ज वाढवू नका. तो छोटा कागदी शंकू ६० हर्ट्झ देऊ शकत नाही, नुसता धडपडतो आणि मधले सूरही फाटतात. उलट १०० हर्ट्झच्या खालचं थोडं उतरवलंत तर गायकाचा आवाज लगेच पुढे येतो. गाणी वाजवणाऱ्या अॅपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. चालत्या जुन्या गाडीच्या गोंगाटात हळू वाजणारी गाणी बुडून जातात. आणि व्हॉल्व्हचा ६ व्होल्टचा रेडिओ ५ ते ८ अँपिअर ओढतो, तेव्हा इंजिन बंद ठेवून तासन्‌तास गाणी ऐकत बसू नका, नाहीतर गाडी ढकलून सुरू करावी लागेल.